दोनशे चौदा जोड

सोमवारी सकाळी नऊ वाजून पाच मिनिटांनी लेकीने वर्कशॉपच्या खिडकीजवळचे टेबल रिकामे केले, त्यावरचा भुसा फडक्याने झटकला, जुना संगणक मांडला आणि बापाला म्हणाली, "बसा. हे टेबल तुमचं. शनिवारपर्यंत."

"आणि शनिवारनंतर?"

"ते शनिवारी बघू. जमलं तर टेबल कायमचं तुमचं. नाही जमलं तर इथे पॅकिंगचं टेबल येईल आणि रुसायचं नाही. आईसमोर सांगतेय."

आई दारात पाण्याची बाटली घेऊन उभी होती. "रुसणार नाही, असं ते लग्नातही म्हणाले होते," ती म्हणाली. "लिहून घे."

मास्तर खुर्चीत बसले आणि खुर्चीची उंची दोनदा कमी-जास्त करून पुन्हा होती तिथेच आणली.

त्यांना सगळी गल्ली मास्तर म्हणत असली तरी शाळेत त्यांनी एक दिवसही शिकवले नव्हते. ते पंचिंग मास्तर होते. भरतकामाच्या कारखान्यात कागदावरची नक्षी संगणकावर एकेक टाका करून उतरवायची, मग मशीनची सुई त्याच वाटेने चालते, या कामाला पंचिंग म्हणतात. एकतीस वर्षे त्यांनी तेच केले. त्या कामात त्यांचा एक नियम होता आणि तो त्यांनी हाताखालच्या प्रत्येकाकडून पाठ करून घेतला होता : सुई कुठून कुठे गेली ते गिऱ्हाइकाला दिसता कामा नये. एका पानावरून दुसऱ्या पानावर जाताना सुई मध्ये एक मोकळा धागा सोडते. त्याला ते 'उडी' म्हणत. उडी दिसली की कापायची, आणि तीही अशी की तिथे कधी काही होते असे वाटू नये.

दोन वर्षांपूर्वी कारखान्याने हे काम बाहेरून करून घ्यायला सुरुवात केली आणि मास्तर घरी बसले. नियम मात्र घरी बसेना. खिशातल्या छोट्या वाकड्या कात्रीने त्यांनी आधी घरातले टॉवेल साफ केले, मग उशांचे अभ्रे, मग जिन्यातली शेजाऱ्यांची पायपुसणी. एका लग्नात पुढच्या रांगेतल्या अनोळखी गृहस्थांच्या कॉलरवर त्यांना एक धागा लोंबताना दिसला. गृहस्थ मागे वळून बघेपर्यंत कात्री खिशात गेली होती, पण जेवण होईपर्यंत ते मान चोळत होते.

"ह्यांना काहीतरी काम दे गं बाई," मास्तरीणबाई लेकीला म्हणाल्या होत्या. "नाहीतर एक दिवस मलाच उसवतील."

काम आले तेही मास्तरांमुळेच. हाडांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात बाहेरची बसायची जागा आणि प्लास्टरची खोली यांच्यामध्ये वीस वर्षे एक पडदा होता. त्यावर खालच्या कोपऱ्यातून वर चढणारी एक वेल, एकशे एक्केचाळीस पाने, बासष्ट लाल फळे आणि नऊ चिमण्या. त्याचे पंचिंग मास्तरांनी केले होते. पडदा विरला तेव्हा डॉक्टरांनी दवाखान्याची डागडुजी काढली आणि तीच नक्षी आता लाकडात कापून हवी, मधल्या अर्ध्या उंचीच्या भिंतीवर उभी, पक्की बसेल अशी, असे सांगत मास्तरांना गाठले. लेकीने लेझर कटिंगचे वर्कशॉप सुरू करून आठ महिने झाले होते. नावाच्या पाट्या आणि किल्ल्या अडकवायचे लाकडी मासे यापलीकडे अजून काही आले नव्हते. दवाखाना शनिवारी पुन्हा उघडणार होता.

"पण बाबा, भरतकामाची फाइल लेझरला चालत नाही. ती बदलावी लागेल."

"फाइल ती फाइल," मास्तर म्हणाले. "एकतीस वर्षं फायलीच बनवल्या. तू मशीन बघ."

सोमवारी दुपारी त्यांनी पडद्याची फाइल उघडली, संगणकाला जमेल त्या पद्धतीने लेझरच्या फाइलीत बदलली आणि एकच पान नमुन्यासाठी मशीनला दिले. लेझरचे डोके पानावर गेले आणि थरथरायला लागले. पानात साडेतीनशे टाके होते, एकमेकांना खेटून, आणि त्यांच्याखाली आधाराचे आणखी साठ. मशीनने इमानेइतबारे प्रत्येक टाका कापला. दुसऱ्या मिनिटाला धूर निघाला, तिसऱ्या मिनिटाला लेकीने धावत येऊन लाल बटण दाबले. झाकण उघडले तर पानाच्या जागी पानाच्याच आकाराचा कोळसा होता. बोट लावताच तोही खाली पडला.

"टाके बरोबर होते," मास्तर म्हणाले.

"टाके बरोबरच होते. तेच चुकलं." लेक कपाळ पुसत म्हणाली. "बाबा, सुई जिथे जाते तिथे काहीतरी भरतं. लेझर जिथे जातो तिथलं जातं. मला पान भरायचं नाहीये. नुसती त्याची कड पाहिजे."

हे मास्तरांना घरी जाईपर्यंत पुरले. जेवताना त्यांनी ते बायकोला समजावून सांगितले. मास्तरीणबाईंनी त्यांचा शर्ट हुंगला आणि तो बादलीत बुडवला.

मंगळवारी सकाळी सात वाजता वर्कशॉपच्या शटरपाशी मास्तर उभे आहेत, अशी बातमी समोरच्या सायकलवाल्याने लेकीला फोन करून दिली. ती नऊला आली आणि तिने दुसरी किल्ली त्यांच्या हातात ठेवली. दिवसभर मास्तर एकेका पानाची कड काढत राहिले. आतले टाके पुसताना त्यांना जड गेले, विशेषतः आधाराचे, कारण ते कुणाला कधी दिसले नव्हते आणि म्हणूनच त्यांच्यावर त्यांचा जीव होता. पण पुसले. संध्याकाळी त्यांनी पडद्याचा एक कोपरा मोठ्या हौसेने रंगवून मशीनला दिला : पाने हिरवी, फळे लाल, चिमण्या तपकिरी, त्यांचे डोळे काळे.

या वेळी धूर निघाला नाही. लेकीने फळी बाहेर काढून उजेडात धरली. फळीवर वेल नव्हती, पाने नव्हती, चिमण्याही नव्हत्या. फळांच्या जागी गोल भोके पडली होती आणि कोऱ्या लाकडातून तीन काळे डोळे मास्तरांकडे रोखून बघत होते.

"मशीनला रंग कळत नाही बाबा. लाल म्हणजे काप, काळा म्हणजे वरवर कोर. हिरवं-तपकिरी त्याच्या गावीच नाही, ते सोडून देतं."

"म्हणजे पान लाल करू?"

"सगळंच लाल करा."

"चिमण्या पण?"

"चिमण्या पण."

मास्तरांनी बुधवारी चिमण्या लाल केल्या. एकतीस वर्षांत त्यांनी गिऱ्हाइकाच्या कितीतरी विचित्र मागण्या पुरवल्या होत्या. या चिमण्या त्यांनी त्याच खात्यात टाकल्या. संध्याकाळी सहापर्यंत शेवटच्या पानाची कड पूर्ण झाली. लेकीने फाइल मोठी करून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पाहिली. एकही रेघ तुटलेली नव्हती, एकही दोनदा काढलेली नव्हती.

"बाबा, हे मला आठवडाभर जमलं नसतं," ती म्हणाली. "आता तुम्ही जा. बाकीचं किरकोळ आहे, मी करते."

मास्तर घरी चालत गेले आणि वाटेत त्यांनी एकदाही कुणाच्या कॉलरकडे बघितले नाही.

ते किरकोळ काम असे होते. कापडावर पान वेलीपासून केसभर लांब असले तरी चालते, कारण मागे कापड असते. लाकडात मागे काही नसते. पानाची कड पूर्ण कापली की पान सुटले. म्हणून लेकीने प्रत्येक पान वेलीला, प्रत्येक फळ पानाला, प्रत्येक चिमणी फांदीला आणि वेल चौकटीला असे छोटे छोटे जोड दिले. तीन-तीन मिलिमीटरचे. दीड तास बसून दिले, फाइल जतन केली आणि दिवा मालवून घरी गेली. जोड दिलेत, हे बापाला सांगायचे तिच्या डोक्यातही आले नाही. लेझरवर काम करणाऱ्याला ते सांगावे लागत नाही.

गुरुवारी सकाळी सात वाजता मास्तरांनी किल्लीने शटर उघडले, खुर्चीत बसले, सहज म्हणून फाइल उघडली आणि त्यांच्या अंगावर काटा आला. पानापानामध्ये उड्या! वेलीपासून फळांपर्यंत, चिमणीपासून फांदीपर्यंत, जिकडे तिकडे उड्या लोंबत होत्या. आपण डोळ्यांत तेल घालून काम केले आणि तरी एवढा कचरा मागे राहिला, आणि तो लेकीला दिसला असता तर, या विचाराने त्यांचे कान तापले. त्यांनी चष्मा पुसला आणि कामाला लागले. प्रत्येक उडी पुसली, पुसल्या जागी पानाची कड नीट बंद केली. दोनशे चौदा निघाल्या. आठ वाजून पन्नास मिनिटांनी पडदा स्वच्छ झाला. त्यांनी तो त्याच नावाने जतन केला आणि गोंधळ नको म्हणून आधीच्या सगळ्या फायली काढून टाकल्या. पसारा त्यांना आवडत नसे.

नऊला लेक आली. तिने चार फूट बाय तीन फुटांचा सहा मिलिमीटर प्लाय मशीनच्या बेडवर चढवला. चांगला, गाठी नसलेला, या कामासाठी मुद्दाम आणलेला. रात्री तपासलेलीच फाइल होती. तिने मशीन सुरू केले. दोन तास दहा मिनिटे लागणार होती.

या दोन तासांत मास्तरांनी बायकोला फोन करून बोलावून घेतले. साडेअकरापर्यंत डॉक्टरही आले. दवाखाना शनिवारपर्यंत बंद असला तरी इस्पितळातल्या दोन प्लास्टरांमध्ये त्यांना अर्धा तास सापडला होता. मशीन थांबले तेव्हा चौघेही झाकणाच्या काचेला नाक लावून उभे होते. आतले दृश्य खरोखर सुंदर होते. लेझरची रेघ केसाएवढी असते, त्यामुळे कापलेला तुकडाही जागच्या जागी बसून राहतो. वेल चढत होती, पाने वळत होती, नऊच्या नऊ चिमण्या बसल्या होत्या.

"अगदी तोच पडदा," डॉक्टर म्हणाले.

"टाका न् टाका," मास्तर म्हणाले आणि जीभ चावली. "म्हणजे, कड न् कड."

"बाबा, तिकडून धरा. सावकाश. एक, दोन, तीन."

बापलेकींनी फळी उचलली. चौकट वर आली. वेल आली नाही, पाने आली नाहीत, चिमण्यांनीही जागा सोडली नाही. क्षणभर कुणाच्याच काही लक्षात आले नाही, कारण बेडवर नक्षी जशीच्या तशी दिसत होती. मग डॉक्टरांना चौकटीतून पलीकडे उभे असलेले मास्तर दिसले, छातीपासून वर, फोटोत दिसावेत तसे.

"हार घालायचा बाकी आहे," मास्तरीणबाई पुटपुटल्या.

लेकीने चौकट भिंतीला टेकवली. हलक्या हाताने, पण टेकवताना बेडला धक्का लागला आणि दोन चिमण्या सरकून वेलीखाली गेल्या. डॉक्टर वाकले. आयुष्यभर मोडलेल्या गोष्टी बघितलेला माणूस; त्यांनी एक पान उचलून कडेने पाहिले, दुसरे उचलले आणि त्यांच्या नेहमीच्या स्वरात विचारले, "कसं झालं?"

"माझी चूक आहे डॉक्टर," लेक म्हणाली. तिचा आवाज एकदम बारीक झाला होता. "मशीन लावायच्या आधी फाइल पुन्हा बघायची असते. मी बघितली नाही. पण मी जोड दिले होते. काल रात्री, एकेक करून दिले होते. दोनशेच्या आसपास तरी..."

 कशाला जोड म्हणतात ते मास्तरांना त्या क्षणी कळले होते, आणि आपण सकाळी काय पुसले तेही. बोलायचे हे त्यांनी ठरवले होते, फक्त डॉक्टर गेल्यावर. आठ महिन्यांत लेकीला मिळालेले पहिले मोठे काम होते, खिडकीजवळचे टेबलही त्यावरच उभे होते, आणि समोर जुने गिऱ्हाईक होते. पण 'दोनशेच्या आसपास' हे शब्द त्यांच्या कानात खड्यासारखे रुतले. एकतीस वर्षे ज्याने टाके मोजले त्याला आसपास सोसत नाही.

"दोनशे चौदा," मास्तर म्हणाले.

लेकीने मान वळवली. बायकोने मान वळवली. डॉक्टरांनी पान खाली ठेवले.

"तुम्हाला कसं माहीत?" लेकीने विचारले.

"मोजले."

"कधी?"

"पुसताना."

 मग मास्तरांनी सगळे सांगितले, क्रमाने, वेळांसकट. शेवटी म्हणाले, "मला वाटलं, माझ्या उड्या राहिल्यात. तुला दिसू नयेत म्हणून..."

"जुनी फाइल?"

"काढून टाकली."

"सगळ्या?"

"पसारा होत होता."

"करायला गेले गणपती," मास्तरीणबाई म्हणाल्या, आणि पुढचा प्राणी सांगायची गरज उरली नाही.

डॉक्टरांनी घड्याळ बघितले. "शनिवारी सकाळी दहाला माझे पेशंट येणार. मधे काही आड नसेल तर बाहेर बसलेल्या पोरांना आतली प्लास्टर कापायची करवत दिसते. एक ओरडलं की सगळी ओरडतात." ते दारापर्यंत गेले आणि थांबले. "मास्तर, मोडलं ते सांगितलंत, बरं केलंत. लोक तेवढंही सांगत नाहीत. जिन्यावरून पडलो म्हणतात."

डॉक्टर गेले. लेकीने बेडवरची पाने गोळा करून एका खोक्यात भरली. तिने आवाज चढवला नाही, त्यामुळे मास्तरांना जास्तच वाईट वाटले. ते खुर्चीवरची आपली उशी काढायला लागले.

"ती कुठे चालवलीत?"

"पॅकिंगचं टेबल येणार ना इथे."

"शनिवार झालाय का?" तिने विचारले. "आज गुरुवार आहे. माझ्याकडे आणखी एक फळी आहे आणि तीन पाट्यांचं काम पडलंय. जोड तुम्ही काढलेत, तुम्हीच घाला. प्रत्येक तुकडा दुसऱ्याला कुठेतरी धरलेला पाहिजे. एवढंच."

एवढेच करणे मास्तरांना फार अवघड गेले. ज्या हाताने आयुष्यभर उड्या कापल्या त्याच हाताने त्या घालायच्या. पहिला जोड त्यांनी घातला, पुसला, पुन्हा घातला. पांढऱ्या कापडावर मुद्दाम शाईचा ठिपका द्यावा तसे त्यांना वाटले. चार जोडांना पाऊण तास लागला. पाचव्यापाशी ते थांबले आणि नक्षीकडे बघत राहिले.

मग त्यांना सुचले की उडी कापता येत नसेल तेव्हा काय करायचे, हेही त्यांना येत होते. धागा अशा वाटेने न्यायचा की बघणाऱ्याची नजर तिथे जातच नाही. पान वेलीला मध्येच कशाला जोडायचे? देठ आहे की. तो वेलीपर्यंत ओढला की झाले. फळाला वेगळा जोड कशाला? ते पानामागून डोकावतेय असे केले की कड कडेला मिळाली, वेगळा जोड मोजायलाच नको. चिमण्यांपाशी ते सर्वांत जास्त वेळ अडले. कापडावर वीस वर्षे त्या चिमण्यांची बोटे फांदीच्या किंचित वर होती. कुणाला कळले नव्हते आणि मास्तरांनाही ते खुपले नव्हते. आता त्यांनी नऊही चिमण्यांना फांदीवर उतरवले. शुक्रवारी दुपारी एक वाजता एकशे छप्पन्न जोड झाले होते आणि एकही शोधल्याशिवाय सापडत नव्हता.

लेकीने फाइल मोठी करून पाहिली. मग जोड शोधत पाहिली. काही ठिकाणी तिला बोट ठेवून विचारावे लागले, "हे कशाने धरलंय?" आणि मास्तर म्हणायचे, "शेपटी बघ."

साडेचार वाजता मशीन थांबले. या वेळी काचेला कुणी नाक लावले नाही. दोघांनी फळी धरली, तीन आकडे मोजले आणि उचलली. मधल्या मोकळ्या जागेचे तुकडे खडखडत बेडवर पडले, वेल वर आली. लेकीने फळी हलवली, मग जोरात हलवली. एक पानही हलले नाही. तिने ती भिंतीला उभी केली, हात झटकले आणि तळवा पुढे केला.

"किल्ली द्या."

मास्तरांनी खिशातून किल्ली काढून दिली.  रुसायचे नाही असे ठरले होते.

"सोमवारी नऊला या," लेक किल्ली पर्समध्ये टाकत म्हणाली. "माझ्या आधी नाही. मी आल्यावर."

शनिवारी सकाळी नऊ वाजता पडदा दवाखान्याच्या अर्ध्या भिंतीवर बसला. लेक स्क्रूची पिशवी घेऊन टेम्पोकडे गेली. मास्तर "आलोच" म्हणून मागे राहिले. दहा वाजता माणसे यायला लागली तेव्हा ते पडद्यासमोरच्या बाकावर बसले होते, आणि ज्यांनी आयुष्यभर सुईची वाट लपवली ते आता येणाऱ्या प्रत्येकाला ती दाखवत होते. पाय सुजलेला एक माणूस पाचव्या जोडाला उठून दुसऱ्या बाकावर गेला. त्याच्या जागी हाताला प्लास्टर घातलेल्या एक आजी येऊन बसल्या.

"आजी, ती चिमणी बघा. पाय टेकलेत ना फांदीला? तो जोड आहे. तो नसता तर चिमणी खाली."

"हो का?"

"आणि ते फळ. सुटं वाटतं की नाही? सुटं नाहीये. पानाने धरलंय. फळं सोडून जोड एकशे छप्पन्न आहेत. एक तरी दिसतोय का तुम्हाला?"

आजींनी डोळे बारीक करून बघितले. "नाही बुवा."

"लपवलेत," मास्तर समाधानाने म्हणाले. "ते नसते तर सगळा पडदा जमिनीवर असता. परवा होताच."

आजींनी पडद्याकडे बघितले, मग मास्तरांकडे.

"एवढं सगळं त्यांनीच धरून ठेवलंय म्हणता," त्या म्हणाल्या, "मग लपवलेत कशाला बिचाऱ्यांना?"

मास्तरांनी तोंड उघडले. याचे उत्तर त्यांच्याकडे एकतीस वर्षे होते. कितीतरी जणांकडून त्यांनी ते पाठ करून घेतले होते. आता ते जिभेवर आणून बघितले तर नीट बसेना. तेवढ्यात आतून आजींचा नंबर पुकारला गेला. त्या बाकाला धरून उठल्या आणि पडद्याच्या पलीकडे गेल्या.

बाहेर लेकीने टेम्पोचा हॉर्न वाजवला. मग दोनदा वाजवला. मास्तरांनी खिडकीतून हात हलवून थांब म्हणून खूण केली आणि प्लास्टरच्या खोलीच्या दाराकडे तोंड करून, आजी बाहेर येईपर्यंत काहीतरी सुचेल या आशेने, बसून राहिले.